सर्दी मुलीला, धोका आजीला: घरात मास्क कुणी लावायचा?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही डोंबिवलीला दोन खोल्यांच्या घरात राहतो. मी, हे, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, त्यांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा जुनाट आजार. विडी-सिगारेट कधीच नाही, पण गावाकडे आयुष्यभर चुलीपुढे बसल्या. गेल्या थंडीत मुलगी शाळेतून सर्दी घेऊन आली आणि आठवड्याच्या आत सासूबाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं. यंदा तसं होऊ नये म्हणून मी लोकलमध्ये मास्क लावायला लागले. कपाटात कोविडच्या वेळचे, बचत गटाने शिवलेले कापडी मास्क भरपूर आहेत, तेच धुऊन वापरते. हे म्हणतात, मास्कचा काही उपयोग नाही हे आता परदेशात सिद्ध झालंय. विषाणू एवढा बारीक असतो की मास्क लावणं म्हणजे कोंबड्यांच्या जाळीने डास अडवणं. ऑफिसातही लोक हसतात. कोणता मास्क घेऊ? सासूबाईंनाही दिवसभर लावायला सांगू का? आणि खरंच उपयोग होतो का?
– एक वाचक, डोंबिवली

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, उपयोग होतो. किती होतो, ते मास्क कोणता आहे, तो चेहऱ्याला किती घट्ट बसलाय आणि तो कुणाच्या तोंडावर आहे यावर ठरतं. तुमच्या घरात यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि नेमका तिचाच पत्रात उल्लेख नाही. लोकलमध्ये तुम्ही मास्क लावता, सासूबाईंना लावावा का असं विचारता. पण गेल्या वर्षी आजार घरात आला तो मुलीबरोबर. सर्दी झाली की पहिला मास्क तिच्या तोंडावर हवा, मग तुमच्या आणि यजमानांच्या. सासूबाईंचा नंबर सगळ्यांत शेवटी. असं का, ते पुढे सांगते.

आधी यजमानांच्या जाळीबद्दल. हा युक्तिवाद कोविडच्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरला आणि ऐकायला तो पटतोही. करोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हे खरं आहे. पण तो हवेत सुटा उडत नाही. श्वासातून, बोलण्यातून, खोकल्यातून जे ओले कण बाहेर पडतात त्यांत तो असतो, आणि पाणी उडून गेलं तरी क्षार, प्रथिनं आणि शेंबडाचा चिकट अंश त्याच्याभोवती राहतो. म्हणजे मास्कला अडवायचा असतो तो हा कण, आणि तो विषाणूपेक्षा बराच मोठा असतो.

दुसरं म्हणजे, चांगल्या मास्कचं कापड चाळणीसारखं काम करतच नाही. सर्जिकल मास्कच्या तीन थरांतला मधला थर आणि एन-९५ मधला मुख्य थर हा वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या अतिबारीक तंतूंचा असतो. हे तंतू एकमेकांत वेडेवाकडे गुंतलेले असतात आणि त्यांच्यावर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. मोठा कण हवेबरोबर वळणं घेऊ शकत नाही, सरळ जाऊन तंतूवर आदळतो. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इकडेतिकडे भरकटतो आणि कुठल्या ना कुठल्या तंतूला चिकटतो. वर विद्युतभाराची ओढ आहेच. अडवायला सर्वांत अवघड असतात ते मधल्या आकाराचे, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण. म्हणून एन-९५ ची चाचणी त्याच आकारावर घेतात आणि त्यातले किमान ९५ टक्के कण अडले तरच त्याला ते नाव मिळतं. त्याहून लहान कण त्यातून जास्त सुटतात असं नाही, उलट जास्त अडतात. यजमानांना हे जरूर वाचून दाखवा.

आता कपाटातल्या कापडी मास्कांबद्दल. सुती कापडाला असा विद्युतभार नसतो. व्हिएतनाममध्ये हनोईच्या १४ रुग्णालयांतल्या १,६०७ कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. सर्वांत जास्त आजारी पडले ते कापडी मास्क लावणारे. प्रयोगशाळेत त्या कापडी मास्कांतून जवळजवळ ९७ टक्के कण आरपार गेले, तिथल्या सर्जिकल मास्कांतून ४४ टक्के. स्वतःचा बचाव करायचा असेल तर कापडी मास्कावर भिस्त ठेवू नका. बायकांनी ते मेहनतीने शिवले, आणि दुकानात काहीच मिळत नव्हतं तेव्हा त्यांचा आधार झाला. धुळीसाठी, झाडलोट करताना ते खुशाल वापरा.

मग सर्जिकल घ्यायचा की एन-९५? सर्जिकल मास्कचं कापड चांगलं असतं, पण त्याची बसणी वाईट. गालाशी फट, नाकाशी फट. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते. फट मिळाली की ती कापडातून जातच नाही. मास्कबद्दल लोक कापडाचे किती थर, कोणता ब्रँड, कोणता रंग याची चर्चा करतात आणि सगळा खेळ ज्या फटीत हरला जातो तिच्याकडे कुणी पाहत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ मध्ये खोकल्याची नक्कल करणाऱ्या यंत्रावर प्रयोग केले. नुसता सर्जिकल मास्क लावला तेव्हा निम्म्याच्या थोडे वर कण अडले. त्याच मास्कच्या कानाच्या बंदांना कडेला गाठ मारून बाजूची चुणी आत खोचली, तेव्हा तीन चतुर्थांशांहून जास्त अडले. मास्क तोच होता, फक्त फट बुजली.

एन-९५ चा खरा फायदा इथेच आहे. तो चेहऱ्याच्या कडेला सील बसावं म्हणूनच घडवलेला असतो, अर्थात ते सील बसलं तर. आपल्याकडे मेडिकलमध्ये कानाच्या बंदांचे एन-९५ सर्रास मिळतात. कानाची ओढ कमी पडते, कडा सैल राहतात. शक्यतो डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असलेला घ्या. एक पट्टा माथ्याच्या मागे, दुसरा मानेवर. पाकिटावर आपल्या भारतीय मानकाचा आयएस ९४७३ हा क्रमांक, आयएसआय चिन्ह आणि एफएफपी २ हा वर्ग आहे का ते पाहा. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने मान्य केलेल्या मास्कवर टीसी-८४ए असा क्रमांक छापलेला असतो. यातलं काहीच नसेल आणि नुसतंच मोठ्या अक्षरात ‘एन-९५’ लिहिलं असेल, तर त्या अक्षरांवर पैसे घालवू नका.

लावल्यावर नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून नाकाच्या आकाराची करा. एका हाताच्या चिमटीने दाबली तर मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालांकडे हवा लागली, चष्म्यावर धुकं आलं, तर पुन्हा बसवा. श्वास आत घेताना मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. ही तपासणी रोज, दर वेळी करायची. यजमान दाढी ठेवत असतील तर त्यांच्या चेहऱ्यावर एन-९५ चं सील बसणार नाही, केस मधे येतात. दाढी काढायची नसेल तर त्यांनी गाठ मारलेला सर्जिकल मास्क लावावा.

झडपेचा मास्क मात्र घरात आणूच नका. असा मास्क आत येणारी हवा गाळतो, पण बाहेर जाणारी हवा झडप तशीच सोडून देते. लावणाऱ्याला बरं वाटतं आणि समोरच्याला त्याचा श्वास न गाळता मिळतो. जुलै २०२० मध्येच केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी राज्यांना पत्र लिहून या मास्कांपासून सावध केलं होतं, तरी ते अजून विकले जातात.

‘परदेशात सिद्ध झालंय’ यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण या वाक्याने बऱ्याच घरांतले मास्क केराच्या डब्यात गेले. यजमान बहुधा वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या जानेवारी २०२३ च्या आढाव्याबद्दल बोलत असावेत. त्यात हात धुणं, मास्क अशा उपायांवरच्या ७८ चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या, आणि मास्कमुळे फारसा फरक पडल्याचं त्यांना दिसलं नाही. बातम्या झाल्या, ‘मास्क निरुपयोगी’. त्यानंतर कॉक्रेनच्याच मुख्य संपादक कार्ला सोअरेस-वायझर यांनी जाहीर केलं की असा अर्थ काढणं चुकीचं आणि दिशाभूल करणारं आहे. आढाव्यातून ठोस निष्कर्ष निघत नाही, एवढंच म्हणता येतं.

निष्कर्ष का निघत नाही? कारण अशा चाचण्यांत लोकांना मास्क दिला जातो आणि लावायला सांगितलं जातं. पुढे काहीजण लावतात, काहीजण खिशात ठेवतात, बरेचजण नाकाखाली. रुग्णालयांतल्या कित्येक चाचण्यांत कर्मचारी रुग्णाजवळ मास्क लावतात आणि चहाच्या खोलीत काढतात, आणि विषाणू चहाच्या खोलीतही असतो. अशा चाचणीचा निकाल सांगतो तो ‘मास्क लावा’ या सांगण्याचा परिणाम. जराही गळती न होता, योग्य वेळी लावलेल्या मास्कचा परिणाम हा वेगळा प्रश्न आहे आणि तुमच्या घरापुरता तोच महत्त्वाचा आहे.

सर्वांत मोठी चाचणी आपल्या शेजारी, बांगलादेशात झाली. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात ६०० गावांत, सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढ माणसांवर. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, बाजारात आणि मशिदीत उभं राहून लोकांना आठवण करून दिली. मास्क लावणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे त्या गावांतही निम्म्याहून जास्त लोक मास्काशिवायच फिरत होते. तरी लक्षणांसह झालेला आणि रक्ततपासणीत दिसलेला करोना सुमारे ९ टक्क्यांनी घटला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत घट सुमारे ११ टक्के, आणि त्याच गावांत साठीच्या पुढच्यांमध्ये ३५ टक्के. कापडी मास्कच्या गावांत खात्रीने सांगावा असा फरक दिसला नाही. नऊ-अकरा हे आकडे लहान वाटतील. पण ज्या गावात दहातले जेमतेम चार जण मास्क लावतात तिथला हा आकडा आहे, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तो लहान राहत नाही. तुमच्या घरातही प्रश्न एका म्हाताऱ्या बाईचाच आहे.

उलट बाजूचंही सांगते, नाहीतर यजमान म्हणतील सोयीचं तेवढंच सांगितलं. डेन्मार्कमध्ये २०२० च्या वसंतात सुमारे ६,००० लोकांवर चाचणी झाली. मास्कची शिफारस केलेल्यांत १.८ टक्के, न केलेल्यांत २.१ टक्के लोकांना संसर्ग झाला. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. कॅनडा, इस्रायल, पाकिस्तान आणि इजिप्तमधल्या २९ आरोग्यसंस्थांत सर्जिकल आणि एन-९५ ची तुलना झाली (२०२२). सर्जिकल लावणाऱ्यांत १०.५ टक्के, एन-९५ लावणाऱ्यांत ९.३ टक्के कर्मचाऱ्यांना करोना झाला, म्हणजे ठळक फरक नाही. तिथे एन-९५ रुग्ण तपासताना लावला जात होता. बाकीच्या वेळचं काय, हा प्रश्न उरतोच. आणि नॉर्वेत २०२३ मध्ये ४,६४७ प्रौढांवर झालेल्या चाचणीत दोन आठवडे बाहेर सर्जिकल मास्क लावणाऱ्यांपैकी ८.९ टक्क्यांनी सर्दी-खोकल्याची लक्षणं सांगितली, न लावणाऱ्यांपैकी १२.२ टक्क्यांनी. यात लक्षणं लोकांनी स्वतःच सांगितली होती, त्यामुळे आकडा थोडा सैल धरा. हे सगळं एकत्र वाचून माझं मत असं आहे: स्वतःच्या बचावासाठी लावलेल्या मास्कचा फायदा खरा आहे, पण मध्यम आहे, आणि ढिसाळ वापरात तो जवळजवळ नाहीसा होतो.

आजारी माणसाने लावलेल्या मास्कचं चित्र मात्र बरंच स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात करोना झालेल्या माणसांना एका मोठ्या शंकूच्या आकाराच्या यंत्रात श्वास सोडायला लावला, एकदा मास्कशिवाय आणि एकदा मास्क लावून, आणि बाहेर पडणारा विषाणू मोजला (२०२४). कुणाला मास्क बसवायचं शिक्षण दिलं नव्हतं. तरीही सगळ्याच प्रकारच्या मास्कांनी विषाणू लक्षणीय कमी केला, आणि बदकाच्या चोचीसारख्या आकाराच्या एन-९५ ने तो ९८ टक्क्यांनी कमी केला. तिथे कापडी मास्क सर्जिकलपेक्षा सरस ठरला, कारण तो चेहऱ्याला जास्त लपेटून बसला. पुन्हा तीच फट! क्षयाच्या जंतूंबाबतही असाच अनुभव आहे. दक्षिण आफ्रिकेत अश्विन धर्माधिकारी आणि सहकाऱ्यांनी औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांच्या वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली (२०१२). रुग्णांनी मास्क लावलेल्या दिवशीची हवा घेणाऱ्या ९० प्राण्यांपैकी ३६ जणांना लागण झाली, मास्क नसलेल्या दिवशीची हवा घेणाऱ्या ९० पैकी ६९ जणांना. रुग्णांनी लावले होते ते साधे सर्जिकल मास्क.

उगमापाशी अडवलेला विषाणू खोलीत पसरतच नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात यासारखी दुसरी सोय नाही.

म्हणून मुलीला शिंका सुरू झाल्या, घसा दुखायला लागला की त्याच दिवसापासून तिने घरात आजीच्या खोलीत जाताना मास्क लावायचा. नऊ वर्षांच्या मुलीला हे समजावून सांगता येतं. आजीसाठी करतोय म्हटलं की मुलं मोठ्यांपेक्षा नेटाने करतात. मोठ्यांचा एन-९५ तिच्या चेहऱ्याला बसणार नाही. मुलांच्या मापाचा सर्जिकल मास्क घ्या आणि बंदांना गाठ मारा. ती झोपेत असताना मास्क नको. पाच वर्षांखालच्या मुलांना मास्क लावू नये, हे पाहुण्यांच्या घरी लहान मूल असेल तर लक्षात ठेवा. ते चार-पाच दिवस आजीने तिच्याजवळ झोपायचं नाही. अंथरुणं बदला, मुलगी तुमच्याजवळ. सासूबाईंची बाज खिडकीपाशी घ्या आणि दिवसा खिडकी व समोरचं दार उघडं ठेवा, हवा आरपार गेली पाहिजे. डोंबिवलीतल्या डासांमुळे संध्याकाळी खिडक्या लावाव्या लागतात हे मला माहीत आहे. तेव्हा जाळी लावा, काच नको. मुलीला ताप असेल तर तिला शाळेत पाठवू नका, दुसऱ्या घरातही एखादी आजी असते.

मुलगी आजारी असताना तुम्ही आणि यजमान दोघांनीही सासूबाईंचं करताना मास्क लावा. लक्षणं दिसण्याच्या आधीही माणूस विषाणू सोडत असतो आणि तोवर तुम्हालाही लागण झालेली असू शकते.

सासूबाईंना दिवसभर मास्क लावायला सांगू नका. सीओपीडीत श्वास बाहेर सोडतानाच फार कष्ट पडतात. एन-९५ मधून श्वास घ्यायला-सोडायला आणखी जोर लागतो. दवाखान्यात गर्दीत बसायचं असेल, लग्नाच्या हॉलमध्ये जायचं असेल, तेवढ्यापुरता लावावा. सर्जिकल सहन होत असेल तर सर्जिकल. धाप वाढली, घाबरल्यासारखं झालं, तर लगेच काढून मोकळ्या हवेत यायचं. म्हणूनच त्यांचा नंबर शेवटी ठेवला. आजारी फुफ्फुसांवर भार टाकण्यापेक्षा धडधाकट माणसांनी मास्क लावावा.

तुमच्या लोकलबद्दल. सकाळच्या गर्दीचा डबा, तासाभराचा प्रवास, चेहऱ्यासमोर चेहरा. इथे एन-९५ लावाच, आणि फलाटावरच, डब्यात चढण्याआधी नीट बसवून घ्या, कारण डब्यात हात वर करायला जागा नसते. मोकळ्या रस्त्यावर त्याची गरज नाही. ऑफिसात कुणी खोकत असेल, मीटिंगची खोली बंद असेल तर लावा. डबा खाताना मास्क निघणारच. ज्याला सर्दी आहे त्याच्यासमोर बसू नका, खिडकीजवळ बसा. हसणाऱ्यांना लांबलचक उत्तर द्यायची गरज नाही. ‘घरी फुफ्फुसाच्या पेशंट आहेत’ एवढं सांगा. बहुतेकजण त्यानंतर हसत नाहीत. ज्यांच्या घरी असंच कुणी आहे ते तुम्हाला मास्क कुठून घेतला ते विचारतील.

एन-९५ धुवायचा नाही. साबणाने, सॅनिटायझरने तो विद्युतभार जातो आणि मास्क दिसायला तसाच राहतो, काम मात्र करत नाही. चार-पाच मास्क आळीपाळीने वापरा. वापरलेला कागदी पिशवीत घालून ठेवा, प्लॅस्टिकच्या नको, आत दमट राहतो. त्याची पाळी पुन्हा येईपर्यंत पाच दिवस जाऊ द्या. पट्टे सैल झाले, आतून ओला किंवा मळका झाला, श्वास जड वाटायला लागला, की फेकून द्या. सर्जिकल एकदाच वापरायचा. एन-९५ वर दुसरा मास्क चढवू नका, सील बिघडतं.

मास्क सगळा भार उचलू शकत नाही. सासूबाईंना फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियापासून बचावाची) लस त्यांच्या डॉक्टरांना विचारून द्या. सीओपीडीच्या रुग्णांसाठी दोन्हींची शिफारस आहे आणि आपल्याकडे ती फार कमी जणांना मिळते, कारण कुणी सांगतच नाही. तुम्ही तिघांनीही फ्लूची लस घ्यावी.

आणि यंदा एवढं करूनही त्यांना सर्दी लागलीच, तर गेल्या वर्षीसारखा आठवडा जाऊ देऊ नका. बेडका वाढला, त्याचा रंग बदलून पिवळा-हिरवा झाला, नेहमीच्या कामाला जास्त धाप लागली, रात्री आडवं झोपता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि घरात मुलगी आजारी होती हे सांगा. फ्लू असेल तर त्यावरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत जास्त गुण देतं. ओठ निळसर दिसले, बोलताना वाक्य पुरं होईना किंवा त्या गुंगीत गेल्यासारख्या वाटल्या, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.